दाराचें कुलूप

आमच्या आजोबांची १९३० सालची फोर्ड 'मॉडेल ए' मोटार विकावयाचें ठरलें, तेव्हां जाहिरातीचा मजकूर आम्हीच लिहिला. "सर्व भाग मूळचे," हें वाक्य त्यांत मोठ्या अभिमानानें घातलें.

एका वृद्ध मिस्त्रींस गाडी दाखविली. ते थेट दाराच्या कुलुपापाशीं बसले. "या स्क्रूंच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खांच आहे. असले फिलिप्स स्क्रू मोटारींत १९३६ पासून येऊं लागले. या गाडीस एकेरी खांचेचे हवेत. पण स्क्रू मागाहूनही बदलतात. एवढ्यावरून निर्णय करूं नये."

त्यांनीं मुठीखालची पट्टी काढली. खालीं जुन्या रंगांत दुसऱ्याच, मोठ्या पट्टीची कड उमटलेली होती आणि दोन छिद्रें बुजविलेलीं होतीं. आतां शंका उरली नाहीं. आजी म्हणाली, "किल्ली हरवली, तेव्हां तुमच्या आजोबांनीं कुलूप फोडलें होतें."

पट्टी पुन्हां बसविली असती, तर कोणाच्या ध्यानांतही आलें नसतें. हा विचार आमच्या मनांत आला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु आजीसमोर तें वाक्य ठेवण्याचा धीर होईना. आम्हीं तें खोडून लिहिलें, "दाराचें कुलूप मागाहून बदललेलें."

घेणाऱ्या गृहस्थांनीं किंमत थोडी कमी केली. इतर भागांविषयीं मात्र त्यांनीं एकही प्रश्न विचारला नाहीं.