पाठीमागे लिहिलेलं नाव

कात्री हलवायची नसते, कागद फिरवायचा असतो. उजवा हात जागच्या जागी राहतो, डावा कागद वळवत आणतो, आणि पाती कधीच टोकापर्यंत मिटू द्यायची नाहीत. मिटली की कडेला दात पडतो. या एवढ्याशा शिकवणीवर मी पुढे अनेक वर्षं पगार घेतला. ती मला दिली आमच्या चाळीतल्या अक्कांनी. मोबदला म्हणून त्यांनी माझ्याकडून फार तर खालून पाव आणवून घेतला असेल.

अक्का बेळगावकडच्या. लग्न होऊन गिरगावात आल्या त्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. त्यांचे यजमान, आप्पा, एका छापखान्यात बाइंडर होते. त्यामुळे घरात पैशाची ओढाताण असली तरी कागद आणि खळ यांना तोटा नसे. पुस्तकांच्या कडा छाटून उरलेल्या पट्ट्या, रंग सरकलेली मुखपृष्ठं, कॅलेंडरचे वाया गेलेले छाप असं काहीबाही आप्पा पिशवीतून आणत. चाळीतले बाकीचे लोकही वाचून झालेले दिवाळी अंक अक्कांच्या दारात आणून ठेवत.

त्यांच्या खोलीत साधा डबा नव्हताच. डालड्याच्या रिकाम्या डब्यांवर मोर, कमळं, परडी घेतलेल्या बायका. ट्रंकेच्या झाकणावर आतून एक अख्खी बाग, वेगवेगळ्या अंकांतली फुलं एकमेकांत गुंतवून लावलेली. रॉकेलच्या कॅनवरसुद्धा त्यांनी एक होडी लावली होती. हा नुसता हौसेचा मामला नव्हता. सासूबाईंना अक्षरं वाचता येत नव्हती; "मोराचा डबा काढ" म्हटलं की साखर येई, "जास्वंदीचा" म्हटलं की तूरडाळ. मीही त्या घरात ओळखी अशाच शिकलो, आणि आजही तूरडाळ म्हटलं की मला जास्वंद दिसते.

मी त्यांच्याकडे दुपारी जायचो, शाळा सकाळची असल्यामुळे. आधी पुसून दे, धरून दे अशी कामं. डबा सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, कारण पत्र्यावर तुपाचा अंश राहिला की कागद धरत नाही. मग पॉलिशपेपरने सगळीकडून घासायचा. गुळगुळीत पत्र्याला खळ चिकटते आणि सुकली की पापडी होऊन सुटते, म्हणून तो खरबरीत करायचा. हे घासकाम मला अजिबात आवडत नसे आणि अक्का त्यात एका बोटाची सूट देत नसत.

मग कापणं. चित्रात आतली भोकं आधी कापायची, म्हणजे कमरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यामधली मोकळी जागा, मोराच्या मानेचा बाक, पानांमधल्या फटी. बाहेरची कड सगळ्यात शेवटी. कारण बाहेरचा कागद असतो तोवर हातात धरायला काहीतरी असतं; तो गेला की नाजूक देठ लोंबायला लागतात. कात्री किंचित कलती धरायची, म्हणजे कागदाची कड आतल्या बाजूला उतरती कापली जाते आणि पांढरी रेघ दिसत नाही. तरी दिसलीच तर रंगीत पेन्सिल फिरवायची.

कागदाचा स्वभाव मात्र आप्पांकडून आलेला. कागदाला दिशा असते, तो ओला झाला की एका बाजूने जास्त फुगतो. बाइंडर लोकांना हे जन्माचं ठाऊक, कारण चुकीच्या दिशेने लावलेला कागद पुठ्ठ्याला वाकवतो. म्हणून चित्राला खळ लावून ते लगेच चिकटवायचं नाही. थोडं थांबायचं, फुगू द्यायचं, आणि मग लावायचं; सुकताना ते आपोआप ताणून बसतं. मधून कडेकडे ओल्या फडक्याने हवा बाहेर काढत जायचं. छापखान्यातली खळ मैद्याची, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद. ती ट्रंकेला चाले. खाण्याच्या डब्याला अक्का ती लावू देत नसत, मोरचूद विषारी म्हणून. त्यासाठी घरी चिंचोक्याची खळ शिजायची. फेविकॉल आलं तेव्हा अक्कांनी ते पाण्यात सारखं करून वापरून पाहिलं, चिकटपणा मान्य केला आणि वासाबद्दल तक्रार केली. वर शेवटी चपड्याच्या लाखेचं पॉलिश, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. एक हात, सुकू द्यायचं, हलकं घासायचं, परत एक हात. बोट फिरवलं तर चित्राची कड लागता कामा नये, ही त्यांची परीक्षा. लाखेवर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग उमटतो, म्हणून त्यांच्याकडे चहाचा कप ठेवण्याच्या जागा ठरलेल्या होत्या आणि पाहुण्यांनाही त्या सांगितल्या जात.

देवांची चित्रं हा वेगळाच विषय. आपल्याकडे देव कागदावर इतका छापतात की त्याचं पुढे काय करायचं हे कुणालाच कळत नाही. कॅलेंडर संपतं, लग्न पार पडतं, पत्रिकेवरचा गणपती मात्र तसाच. रद्दीत टाकवत नाही, फाडवत नाही. चाळीतल्या सगळ्या पत्रिका मग अक्कांकडे. जाड पत्रिका तशीच चिकटवली तर डब्यावर उंचवटा होतो; म्हणून ती भिजवून मागचा थर हलकेच सोलून काढायचा आणि गणपतीचा पापुद्रा तेवढा घ्यायचा. पण लावायचा कुठे, याचे नियम कडक होते. कमरेच्या वर. जिथे पाय लागेल तिथे नाही, पाटावर नाही, झाकणाच्या आत नाही, कारण झाकण उलटं ठेवलं जातं. रॉकेलजवळ नाही. उष्ट्याच्या जवळ नाही. दहा बाय बाराच्या खोलीत असे नियम पाळून देवाला जागा काढणं म्हणजे मोठीच कसरत. शेवटी बहुतेक गणपती पिठाच्या डब्यावर गेले. तो फडताळात सगळ्यात वर असे.

त्यांच्या सासूबाईंकडची एक लक्ष्मीची तसबीर होती, रविवर्मा प्रेसचा छाप. तो प्रेस १८९४ मध्ये आमच्या गिरगावातच सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या बायकांनी अशा छापांवर खऱ्या जरीचे काठ, टिकल्या, कापडाचं लुगडं चिकटवून देवीला नटवलं. तशा तसबिरी आता संग्राहक शोधत फिरतात. सासूबाईंच्या लक्ष्मीलाही जर होती. छापलेल्या चित्रावर घरातल्या बाईने आपला हात चालवायचा, ही रीत अक्कांकडे अशी दोन पिढ्यांची.

आता मूळ मुद्दा. कापायच्या आधी अक्का चित्र उलटं करत आणि मागे पेन्सिलीने लिहीत: "दलाल, दीपावली". किंवा "मुळगावकर, कॅलेंडर". चित्रकाराची सही नसेल तर नुसतं अंकाचं नाव. तेही नसेल तर "नाव नाही". मग चित्र कापून, खळ लावून, ते नाव डब्याच्या पत्र्यावर कायमचं दाबून टाकत. मला हे समजेचना. "अक्का, ते कोण वाचणार आहे?" तर म्हणाल्या, "वाचायला नाही रे लिहीत. कुणाचं घेतलं ते आपल्याला ठाऊक असावं."

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. एकेका काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत भिंतीवर आणि टेबलावर या दोघांच्या बायका आणि देव होते. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला. चित्रकलेच्या दालनांत जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसांनी त्यांची चित्रं पाहिली, आणि तरी मला वाटतं आपल्या समीक्षकांनी त्यांना बाहेरच्या ओसरीवरच बसवून ठेवलं. अक्कांनी नाही. त्यांना दोघांच्या रेषा सहीशिवाय ओळखता येत. दलालांच्या बाईचे डोळे वेगळे आणि मुळगावकरांच्या देवांची कांती वेगळी, हे मला कुठल्या कलामहाविद्यालयात नाही, त्या खोलीत कळलं. दलाल १९७१ मध्ये गेले तेव्हा अक्कांनी त्या दिवशी कात्री हातात घेतली नाही. त्यांनी दलालांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

पुढे मी कमर्शियल आर्ट शिकलो आणि एका जाहिरात संस्थेच्या स्टुडिओत उमेदवार म्हणून गेलो. तेव्हा जाहिरात हातानेच जुळवली जाई. अक्षरांचे ब्रोमाइड, फोटो, रेघा, सगळं कटरने कापायचं, रबर सोल्यूशनने बोर्डावर चिकटवायचं, वर बटर पेपर. मुलाखतीला त्यांनी सायकलीचा फोटो कापायला दिला. चाकाच्या आऱ्यांसकट. आधीचे दोघे बाहेरून सुरू झाले होते आणि त्यांची चाकं हातात लोंबत होती. मी आतून सुरू केलं. बाकी काही विचारलंच नाही त्यांनी.

तिथे एक गोष्ट खटकायची. महिना-महिना खपून केलेल्या आर्टवर्कवर कुणाचंच नाव नसे, ना चित्र काढणाऱ्याचं, ना अक्षरं लिहिणाऱ्याचं. धंद्याची रीतच ती, तक्रार कुणाकडे करायची? मी बोर्डाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात सगळ्यांची नावं लिहायला लागलो. प्रोसेसवाल्यांकडे ब्लॉक झाले की बोर्ड गोदामात आणि मग रद्दीत जात, नावांसकट. नव्वदीत संगणक आला, रबर सोल्यूशनचा वास गेला आणि आमचा सगळा विभागच उठला. मी पुढे छपाईच्या कामाकडे वळलो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले तेव्हा परत डबे घासायला घेतले. हल्ली याला डेकूपाज म्हणतात, त्याचे रुमाल मिळतात, गोंद मिळतो, वर्गही चालतात. मग थोडं वाचलं. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये चिनी-जपानी लाखकामाला इतकी मागणी आली की कारागिरांनी छापील चित्रं कापून लाकडी सामानावर चिकटवली आणि वर चंद्रुसाचे हातावर हात चढवले. बास्सानोचं रेमोंदिनी घराणं तर अशी कापायचीच चित्रं छापून विके. गरिबांची लाख म्हणून त्याची ओळख झाली. म्हणजे लाखकामाची नक्कल म्हणून जन्मलेली ही कला, आणि अक्का तीवर आपल्याकडची खरी लाख चढवत होत्या! इंग्लंडमधल्या मेरी डिलेनीबाईंनी तर वयाच्या बहात्तरीत रंगीत कागदाच्या पाकळ्या कापून काळ्या कागदावर फुलं जुळवायला घेतली. दहाएक वर्षांत ती हजाराच्या आसपास झाली, डोळे गेले तेव्हाच थांबल्या. ती फुलं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वाचताना मला त्या बाईंबद्दल आदर वाटला आणि थोडा रागही आला, कारण अक्कांचा पिठाचा डबा कुठल्या म्युझियममध्ये जाणार?

अक्कांचेही डोळे शेवटी अधू झाले. मुलाकडे डोंबिवलीला राहायच्या. मी गेलो की कापायचो मी आणि जागा दाखवायच्या त्या. बोटाने कड चाचपून पाहत. "इथं लागतंय," म्हणाल्या की परत पॉलिशपेपर. घासकामात सूट नाहीच, मी साठीला टेकलो तरी. त्यांच्या घरी तेव्हा एअरटाइट प्लॅस्टिकचे डबे आले होते, त्यांवर काही धरत नसे आणि अक्कांना त्यांचा भारी राग.

त्या गेल्यावर सूनबाईंनी मला एक जाडजूड हिशेबाची वही दिली. पानापानांत कापून ठेवलेली, न लावलेली चित्रं, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीतलं नाव. एका जाणकार मित्राने सांगितलं, हात लावू नका, फ्रेम करा, दलालांच्या चित्रांना आता किंमत आहे. मला ते पटलं नाही. अक्कांनी ती लावायला कापली होती. शिवाय फ्रेम केली तर नावं मागे दिसतील की नाही, याचा वाद सुरू होईल. मी ती एकेक करून लावतो आहे. परडीवाली माझ्या बहिणीच्या पोह्यांच्या डब्यावर गेली, दोन हरणं नातीच्या कंपासपेटीवर. ती लावताना नातीला मागचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. "आजोबा, हे दलाल कोण?" तिने विचारलं. सांगितलं, संध्याकाळभर.

वहीत आता थोडीच उरली आहेत. त्यांत मुळगावकरांचा एक मारुती आहे, द्रोणागिरी उचललेला, शेपटीचा वळसा इतका सफाईने कापलेला की अजून मला तसा जमणार नाही. त्याला जागा मिळत नाही. कमरेच्या वर हवा, झाकणावर नको, उष्ट्याजवळ नको. आमच्या फ्लॅटमध्ये फडताळ नाही, आहेत ती सगळी बंद कपाटं. सौ. म्हणते फ्रिजच्या बाजूला लावा. मी म्हणतो, फ्रिजमध्ये अंडी असतात. बोलणी चालू आहेत.