न बसलेली मुलगी पहिली

रात्रीचे साडेअकरा. शिष्यवृत्तीच्या यादीत आज पहिल्या क्रमांकावर परीक्षेला न बसलेल्या मुलीचं नाव आलं. क्वेरी तीनदा वाचली, चूक दिसेना. मग गुणांचा रकाना उघडला. तिथे शून्यसुद्धा नव्हतं, नल होतं. पोस्टग्रेस नलला सगळ्यांत मोठं धरतं, म्हणून उतरत्या क्रमात ते वर येऊन बसतं. मायएसक्यूएलमध्ये तेच तळाला जातं. तिला क्रमांक मिळायलाच नको होता, ती ओळ गाळली.

पण खरी बोच पुढे होती. पहिल्या मुलाखालोखाल तिघांना ९२ गुण. क्रमांक देणाऱ्या फंक्शनांपैकी रँक तिघांनाही दुसरा देतो आणि पुढच्याला थेट पाचवा. डेन्स रँक त्याला तिसरा म्हणतो. मी वापरला होता रो नंबर. तो २, ३, ४ असे वाटतो, आणि ऑर्डर बायमध्ये दुसरा निकष नसेल तर कुणाला कोणता, हे ठरलेलं नसतं. सकाळची आणि संध्याकाळची यादी जुळत नव्हती ती यामुळेच. शिष्यवृत्त्या तीन. म्हणजे सारख्याच गुणांच्या एका मुलाला आम्ही दर वेळी उगाच बाहेर काढत होतो.

ऑर्डर बायच्या शेवटी अर्जाचा आयडी जोडला तर यादी स्थिर होईल, हे खरं. पण अर्ज आधी नोंदला गेला म्हणून कुणी जास्त पात्र कसा ठरेल? मला ते पटत नाही. रँक लावला. आता चार नावं आहेत. चौथ्या शिष्यवृत्तीचे पैसे निघतात का, हे उद्या सकाळीच समितीला विचारते.