बदली कामगार

आमचा बाप कोळसा खाणीत बदली कामगार होता. बदली म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. पाळी लागायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. एखादा पर्मनंट माणूस आजारी पडला, कोणाकडं मयत झाली, कोणी दारू पिऊन पडला, तर आपलं नाव पुकारलं जाईल. म्हणजे दुसऱ्याच्या घरी काहीतरी वाईट व्हावं अशी रोज सकाळी नकळत इच्छाच करायची. नाव निघालं नाही की डबा तसाच परत. माय तो डबा उघडायची, भाकरी पुन्हा आमच्यात वाटायची आणि काही बोलायची नाही.

हे आधी सांगतो, कारण लिहायचं आहे एका फुटबॉल खेळाडूबद्दल. युसिफ याकुबू. देश घाना. आफ्रिकेतला.

आमच्या वस्तीला लागून ओबीचा ढिगारा. खाणीतून काढलेल्या मातीदगडाला आम्ही ओबी म्हणतो. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी ग्राऊंड. तिथं तेलगू पोट्टे, छत्तीसगडी, बिहारी, एकदोन बंगाली बाबूंची पोरं आणि आम्ही. चेंडूचा ब्लॅडर सायकलवाल्याकडं पंक्चर काढून आणायचा. पाऊस पडला की ग्राऊंड काळं, आम्ही काळे, चेंडू काळा. पाळी सुटली की खाणीतून येणारे सगळेच काळे. पण आंघोळ केल्यावर ज्यांचा रंग जातो ते वेगळे, आणि ज्यांचा जात नाही ते वेगळे. माझं ग्राऊंडवरचं नाव ‘कालू’ होतं. नाव ठेवणारे सगळे आमचेच. मला राग यायचा नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो.

बाप म्हणे, ‘खेळून काय करतं बे? पायाले कोनी पर्मनंट करत नाही.’

बाप चौथीपर्यंत शिकलेला, पण हे त्याचं वाक्य याकुबूला जसंच्या तसं लागू आहे. बघा. हा माणूस घानामधून गोव्यात आला. चर्चिल ब्रदर्सकडून खेळला. 2001-02 आणि 2002-03 असे लागोपाठ दोन हंगाम नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल त्याचे. मग मुंबईत महिंद्रा युनायटेड. 2005-06 ला त्या संघानं नॅशनल लीग जिंकली. 2010 ला कंपनीनं संघच बंद केला. विजेता संघ, चालू संघ, आणि बंद! आमच्याकडं खाण बंद होते तशी. तोवर हा कलकत्त्याला पोचलेला, ईस्ट बंगालमध्ये. ऑक्टोबर 2009 ची मोहन बागानबरोबरची मॅच लोक अजून सांगतात, 5-3. बागानच्या चिडी एडेनं चार गोल मारले. लोक चिडी सांगतात. हरणाऱ्या बाजूनं दोन गोल याकुबूचे होते, ते कोणी सांगत नाही. मग प्रयाग युनायटेड. मग परत मुंबई, आता मुंबई एफसी. तेव्हा मुंबईच्या ह्या संघाला मुंबईत खेळायला ग्राऊंड नव्हतं, घरच्या मॅचेस पुण्याला बालेवाडीत. 2017 ला तोही संघ गुंडाळला.

गोवा, मुंबई, कलकत्ता, मुंबई, पुणे. नवा करार, नवी जर्सी, नवी खोली. गोल मारले तर पुढचं वर्ष. गुडघा गेला तर गेटवर दुसरा उभा आहेच. पैसा बापापेक्षा कितीतरी जास्त, हे मान्य. पण हजेरीची तऱ्हा तीच.

आता आमच्यातल्या एकाचं सांगतो. पळवणकर बाळू. चांभाराचा पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर ग्राऊंडची मजुरी करायचा. पिच लोळवायचं, जाळी लावायची, आणि साहेबांना प्रॅक्टिसला चेंडू टाकायचा. टाकता टाकता असा बोलर झाला की हिंदूंच्या टीमला त्याच्याशिवाय जमेना. घेतला. पण चहाच्या वेळी आत कपबशीत चहा पिणार हिंदू, आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात. चेंडू चालत होता त्याच्या हातचा, कप चालत नव्हता. 1911 ला इंग्लंडला गेला, शंभराच्या वर विकेटा घेऊन आला. कॅप्टनपद त्याला शेवटपर्यंत दिलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल 1923 ला कॅप्टन झाला, तोही भांडण झाल्यावर.

हे मी कॉलेजात वाचलं आणि पळत घरी येऊन बापाला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. बाप म्हणाला, ‘तो बाबासाहेबाच्या विरोधात उभा राह्यला होता. त्याचं नाव या घरात घ्याचं नाही.’

खरं होतं ते. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं बाळूला बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाळू सुमारे 2000 मतांनी पडला. बापाला मातीच्या भांड्याचं काही नव्हतं, मतांचं होतं. मी त्याच्याशी भांडलो नाही. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब चांद्याला आले, दीक्षा दिली, तेव्हा हा बाप आज्याच्या खांद्यावर होता. त्याला काय दिसलं ते त्यालाच ठाऊक. अशा माणसाला मी बाळूची फिरकी काय समजावणार? पण बाळूचा फोटो मी पुस्तकात जपून ठेवला. दोन्ही गोष्टी आमच्या घरात राहिल्या, एक भिंतीवर आणि एक पुस्तकात.

चांद्याच्या दीक्षेनंतर पाच महिन्यांनी, 6 मार्च 1957 ला, घाना स्वतंत्र झाला. आधी इंग्रजांनी त्याचं नाव गोल्ड कोस्ट ठेवलं होतं. सोनं काढायची जागा म्हणून सोन्याचं नाव. झेंड्यावर मधोमध काळा तारा आणि फुटबॉल टीमचं नाव ब्लॅक स्टार्स. काळा हा शब्द त्यांनी छातीवर लावला. आपणही 1972 ला अमेरिकेतल्या काळ्यांकडून पँथर हे नाव आणलं. आपल्या मासिकांतून किती कविता निघाल्या निग्रो भावांवर! मीही लिहिली एक. छापूनही आली.

आणि दोस्तहो, आता जे सांगायचं ते.

2007 साल. स्पोर्ट्स कोट्यातल्या एका नोकरीच्या इंटरव्ह्यूला मी मुंबईला गेलो. नोकरी लागली नाही, ते सोडा. मावसभाऊ म्हणाला, चल, कूपरेजला मॅच दाखवतो. याकुबूला पहिल्यांदा पाहिलं. अंगानं दणकट, चेंडू छातीवर घेऊन पाठ अशी लावायचा की बचाववाला मागच्या मागे सरकायचा. आम्ही ओबीच्या ग्राऊंडवर हेच करायचो, फक्त आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी खूश होऊन बघत होतो. मग त्याची एक संधी हुकली. मागून कोणीतरी ओरडला, ‘ए कालूऽऽ’. चारपाच जण हसले. मग माकडासारखा आवाज. मी हसलो. नुसता हसलो नाही. दुसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा मीही काढला. दोन्ही हात तोंडाशी धरून.

का काढला? विचार करून काही काढत नाही माणूस. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द माझ्याकडं येत नव्हता, माझ्याकडून जात होता. त्याची मजा आली. लिहिताना लाज वाटते, पण मजा आली. त्यानं वर बघितलं की नाही माहीत नाही. मी तेव्हा खाली बघितलं.

2 जुलै 2010 ला वर्ल्ड कपमध्ये घाना आणि उरुग्वे. शेवटच्या मिनिटाला गोलात जाणारा चेंडू सुआरेझनं हातानं अडवला, ग्यानची पेनल्टी बारला लागून वर गेली, घाना बाहेर. त्या रात्री मी टीव्हीपुढं रडलो. बायको म्हणाली, कोन लागतात ते तुमचे? मी सांगितलं, भाऊ लागतात. कूपरेजचं तिला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं, आज इथं सांगतो आहे.

आता मी गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीच्या अंगाला, एका आश्रमशाळेत शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे बापाचाच धंदा, फक्त गेट बदललं. पोरं माडिया. पहिलीत येतात तेव्हा मराठी त्यांना तितकीच परकी जितकी मला माडिया. पण चेंडू टाकला की भाषा लागत नाही. अनवाणी खेळतात, मुरमाड मैदानावर, आणि पायाला काही होत नाही. त्यांच्यातला एक, नववीतला, पाठ लावून चेंडू असा धरतो की मला कूपरेज आठवतं. मी त्याला मोबाईलवर याकुबूचे गोल दाखवले. त्यानं दोनदा बघितले आणि विचारलं, ‘सर, हा कोणत्या गावचा?’ मी म्हटलं, लांबचा. तो म्हणाला, ‘आमच्यासारखा दिसतो.’

मागल्या हिवाळ्यात टीम घेऊन तालुक्याच्या गावाबाहेर गेलो, एका स्पर्धेला. गाव सांगत नाही. मैदानाभोवती गर्दी. आमच्या ह्या पोरानं पहिल्या दहा मिनिटांत दोघांना चकवलं आणि गर्दीतून आवाज आला. तोच. आधी ‘ए कालू’, मग माकडाचा. मी वळून पाहिलं. ओरडणाऱ्यांत दोघं-तिघं आपल्याच वस्तीतले होते. एकाच्या टी-शर्टवर निळ्या अक्षरांत जय भीम. त्याचे दोन्ही हात तोंडाशी.

मी जाऊन त्याची कॉलर धरायला पाहिजे होती. पाय उचलला नाही. कोणत्या तोंडानं धरणार होतो?

हाफटाइमला पोरगा पाणी प्यायला आला. त्याला शब्द नीट कळला नव्हता, आपल्याकडं बघून ओरडतात एवढं कळलं होतं. विचारलं, ‘सर, ते काय म्हणतात?’

मी म्हटलं, ‘पास दे म्हणतात.’

दुसऱ्या हाफमध्ये गर्दी ओरडली की तो चेंडू सोडून द्यायचा. गोलासमोर मोकळा असला तरी. आम्ही दोन-शून्य हरलो.