अब्बांचा हिशेब

आमचे अब्बा 2023 साली गेले, तेव्हा 87 वर्षांचे असावेत. 'असावेत' एवढ्यासाठी, की शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1936 आहे, आणि त्या पिढीतली निम्मी माणसं गुरुजींच्या कृपेने 1 जूनलाच जन्मलेली आहेत.

अब्बा पिंजारी. कराडात आमची तीन पिढ्यांची वस्ती. पण वारशात त्यांना मिळाली ती एक धनुकली आणि गादी शिवायचं दाभण. देश स्वतंत्र झाला त्या साली दादा अल्लाहला प्यारे झाले. मागे आई, दोन बहिणी आणि हा अकरा वर्षांचा मुलगा. शाळा तिसरीतच सुटली. चुलत्यांबरोबर धनुकली खांद्यावर टाकून ते पाटण खोऱ्यातल्या गावागावांतून हिंडू लागले. लग्न ठरलेल्या घरी ओसरीवर बसायचं, जुना गठ्ठा झालेला कापूस तातीवर धरून फुलवायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे. एका गादीला आठ-दहा किलो कापूस. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी रुईची धूळ छातीत जायचीच. म्हातारपणचा त्यांचा खोकला ही त्या दिवसांचीच कमाई.

दोन्ही बहिणींची लग्नं करून दिल्यावरच त्यांनी स्वतःचा निकाह केला.

11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या घरात वेगळ्या कारणाने आठवला जातो. रमजान चालू होता. सहरीची वेळ, अम्मी चुलीपाशी, आणि भिंतच हलायला लागली. पुढे कितीतरी रात्री लोक थंडीत उघड्यावर झोपले. लग्नसराईसाठी अब्बांनी उधारीवर कापूस भरून ठेवला होता. त्या सगळ्याच्या त्यांनी गाद्या आणि रजया भरल्या, ज्याला हव्या त्याला दिल्या आणि वहीत नावं लिहून ठेवली. कुणी वर्षाने पैसे दिले, कुणी पाच वर्षांनी. काही नावं त्यांनी स्वतःच पुसली. कापूस व्यापाऱ्याचे पैसे मात्र पूर्ण फेडले. ते कसे फेडले हे अम्मीला विचारावं. तिच्या कानातली फुलं त्या साली गेली ती पुन्हा आली नाहीत.

1972 च्या दुष्काळात गादी कोण भरणार? हातात कसब असलेला माणूस रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. घरात मिलोची भाकरी. याबद्दल ते फारसं बोलत नसत. पुढे विजेवर चालणारं पिंजण्याचं मशीन आलं, भाड्याचा गाळा आला, मग तो गाळा विकतही घेतला. व्याजाचा पैसा नको म्हणून मालकाला दरमहा थोडे थोडे देत बारा वर्षं फेडला. त्यातच आम्हा पाच भावंडांची शिक्षणं. मी डी.एड. केलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. अब्बा म्हणाले, "पोरगी शिकवायला जाणार आहे, चोरी करायला नाही." फोमच्या गाद्या हप्त्यावर मिळू लागल्यावर धंदा बसला. धाकट्या भावाने दुकानात फोम ठेवला, तर अब्बांनी कुरकुर केली नाही. स्वतः मात्र शेवटपर्यंत कापसाच्याच गादीवर झोपले.

हे सगळं त्यांच्या वयाच्या बऱ्याच पुरुषांनी केलं असेल. मला लिहायचंय ते पुढचं.

ऐंशी ओलांडल्यावर एका ईदला सगळे जमलो होतो. अब्बांनी कापूस मागवला आणि सतरंजीवर आठ सारखे ढीग केले. एक अम्मीपुढे ठेवला. दोन-दोन दोघा भावांपुढे, एक-एक आम्हा तिघी बहिणींपुढे. म्हणाले, "घर आणि गाळा, दोन्हीचे असे आठ भाग. मौलानांना विचारलंय, वकिलालाही विचारलंय."

हिशेब अगदी बरोबर होता. मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आमच्या घरात तो पूर्णांकात बसला, एवढंच. पण आपल्याकडे हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो आणि वेळ आली की बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बदल्यात एक साडी, आणि माहेर तुटणार नाही याची हमी. नमाज-रोजाला काटेकोर असलेल्या घरांतही हे चालतं. मला याची चीड येते, ती मी लपवत नाही.

मोठे भाईजान म्हणाले, "अब्बा, यांच्या लग्नात केवढा खर्च झाला!"

"तो मी केला. तुझ्या खिशातून घेतला नाही," अब्बा म्हणाले. "आणि हा हिस्सा मी देत नाही. तो ठरवणारा वर आहे. मी फक्त वाटून दाखवतोय."

भाईजान उठून बाहेर गेले. रात्री जेवायला आले, पण बोलले नाहीत. अब्बांनीही समजूत काढली नाही. त्या कापसाच्या त्यांनी दुसऱ्या दिवशी आठ उशा भरल्या आणि ज्याच्या त्याच्याकडे पोचवल्या.

अब्बांच्या चाळिसाव्यानंतर भाईजान स्वतःच सगळे कागद घेऊन नगर भूमापन कचेरीत गेले. मालमत्ता पत्रकावर आता सहा नावं आहेत. मधल्या बहिणीला पैशांची गरज होती. दोघा भावांनी तिचा हिस्सा बाजारभावाने, हप्त्याहप्त्याने घ्यायचं ठरवलंय. गाळ्यातल्या माझ्या हिश्श्याचं भाडं धाकटा दर महिन्याला पाठवतो. पावसाळ्यात धंदा मंद असतो, तेव्हा उशीर होतो. पण मग फोन करून तो आधी तसं सांगतो.