आपली पाळी सोडून देणारा पिचर : टिम वेकफील्ड

१/
१ ऑक्टोबर २०२३. अमेरिकेतील बेसबॉलच्या साखळी सामन्यांचा तो अखेरचा दिवस. त्याच दिवशी बोस्टन रेड सॉक्स संघाचा माजी पिचर टिम वेकफील्ड मेंदूच्या कर्करोगाने वारला. वय ५७. बोस्टनने त्याच्याहून मोठे पिचर पुष्कळ पाहिले होते. परंतु घरचे माणूस गेल्यासारखी हळहळ त्यांतील फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल.

२/
नुसते आकडे पाहिले तर याचे नवल वाटते. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा जय आणि पराजय कोणा ना कोणा पिचरच्या नावे लिहिला जातो. वेकफील्डच्या १९ हंगामांच्या खात्यावर २०० विजय आहेत, आणि १८० पराभव. थोरांच्या नोंदी इतक्या समतोल नसतात. मग लोकांनी नेमके काय लक्षात ठेवले?

३/
मुळात तो पिचर नव्हताच. फ्लोरिडातील मेलबर्न गावच्या या मुलाला पिट्सबर्ग पायरेट्स संघाने १९८८ मध्ये निवडले ते फलंदाज म्हणून. वर्षभरातच कळून चुकले की या फलंदाजीवर तो वरच्या पातळीपर्यंत पोहोचणार नाही. मात्र सरावाच्या वेळी गंमत म्हणून तो टाकत असलेला एक विचित्र चेंडू एका प्रशिक्षकाच्या नजरेत भरला होता. त्या चेंडूने त्याची नोकरी वाचवली.

४/
तो चेंडू म्हणजे नकलबॉल. बोटांची टोके, जवळजवळ नखेच, चेंडूवर रोवून तो असा सोडतात की तो स्वतःभोवती फारसा फिरतच नाही. फिरकीच्या अगदी उलट. शिवण ज्या बाजूला येईल त्याप्रमाणे हवेचा प्रवाह विस्कटतो आणि चेंडू वाटेतच हेलकावे खातो. वेग ताशी १०५ ते ११० किलोमीटर. इतरांचे वेगवान चेंडू १४५ च्या पुढचे. तो कुठे वळेल हे फलंदाजाला ठाऊक नसते, कॅचरला नसते, आणि टाकणाऱ्यालाही नसते.

५/
क्रिकेटच्या रसिकांना हे नाव अनोळखी नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात नकल बॉलचा प्रभावी वापर केला होता. पण झहीरच्या भात्यातील तो अनेक बाणांपैकी एक. फलंदाजाला वेगाचा अंदाज चुकवायला लावणारा. वेकफील्डच्या भात्यात सांगण्यासारखा दुसरा बाणच नव्हता.

६/
असा चेंडू झेलणे हीही एक स्वतंत्र विद्याच. त्यासाठी डग मिराबेली हा कॅचर नेहमीपेक्षा मोठा हातमोजा वापरत असे. २००६ च्या हंगामाआधी तो दुसऱ्या संघात गेला आणि नव्या कॅचरच्या हातून पाच सामन्यांत दहा चेंडू निसटले. अखेर मिराबेलीला परत बोलावण्यात आले. १ मे रोजी विमानतळावरून पोलिसांच्या पहाऱ्यात, गाडीतच गणवेश चढवत तो मैदानावर पोहोचला.

७/
वेकफील्डचा उदय आणि अस्त दोन्ही झपाट्याने झाले. १९९२ मध्ये पदार्पण. ८ विजय, १ पराभव. पुढच्याच वर्षी चेंडू हुकमात राहिना. एप्रिल १९९५ मध्ये पिट्सबर्गने त्याला सोडून दिले. आठवड्याच्या आत बोस्टनने त्याला घेतले. नकलबॉलचे जुने जाणकार फिल आणि जो नीक्रो या बंधूंनी त्याला पुन्हा घडवले, आणि त्या हंगामातील पहिल्या १५ निकालांपैकी १४ त्याने जिंकले.

८/
पिचरच्या जगात मानाच्या पायऱ्या असतात. सामन्याची सुरुवात करणारा ठरलेल्या पाळीनेच उतरतो. त्या पाळीला तो जपतो. वेकफील्डला मात्र संघाने हवे तसे हलवले : कधी सुरुवातीला, कधी मधल्या पडझडीत, १९९९ मध्ये तर शेवटचे गडी बाद करण्यासाठी. नकलबॉलने खांद्यावर फार ताण येत नाही, म्हणून त्याला कधीही हाक मारता येई. त्यानेही प्रत्येक हाकेला ओ दिली.

९/
१६ ऑक्टोबर २००३. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेतील सातवा, निर्णायक सामना. बोस्टनच्या तोवरच्या तीन विजयांपैकी दोन वेकफील्डचेच. बरोबरीत लांबलेल्या या सामन्यातही त्याला बोलावणे आले. दहावी इनिंग त्याने निभावली. अकराव्या इनिंगमधील त्याच्या पहिल्याच चेंडूवर ॲरन बून याने होमरन मारला. हंगाम तिथेच संपला.

१०/
बोस्टनमध्ये याचा अर्थ गंभीर होता. १९८६ च्या अंतिम मालिकेत बिल बकनरच्या पायांमधून एक चेंडू निसटला, आणि शहराने वर्षानुवर्षे त्याला त्याची आठवण करून दिली. आपलेही तेच होणार अशी वेकफील्डला धास्ती होती. पण त्या हिवाळ्यात तो एका सार्वजनिक भोजनसमारंभाला आला, तेव्हा लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ज्याला अडीअडचणीला हाक मारायची, त्याच्याकडे एका चेंडूचा हिशेब मागायचा नाही, एवढे शहराला उमगले होते.

११/
बरोबर एक वर्षाने, १६ ऑक्टोबर २००४. पुन्हा यांकीज. मालिकेत बोस्टन दोन सामने हरलेले, आणि तिसराही १९-८ असा हातचा जात असलेला. दुसऱ्या दिवशी सुरुवात करण्याची पाळी वेकफील्डची होती. त्याने प्रशिक्षक टेरी फ्रँकोनाकडे जाऊन आपण होऊन ती सोडली. हरलेल्या सामन्यात तीनहून अधिक इनिंग तो टाकत राहिला, मारही खाल्ला. उद्यासाठी इतरांचे हात ताजे राहावेत, एवढाच हेतू.

१२/
ताज्या राहिलेल्या त्या हातांनी चौथा सामना जिंकून दिला. पाचवा १४ इनिंगपर्यंत लांबला. शेवटच्या तीन इनिंग वेकफील्डच्या. समोर त्याच्या चेंडूची सवय नसलेला कॅचर जेसन वेरिटेक. तेराव्या इनिंगमध्ये त्याच्या हातून तीन चेंडू निसटले. तरीही धाव गेली नाही, आणि विजय वेकफील्डच्या नावे लागला. बोस्टनने मालिका जिंकली, आणि त्यानंतर १९१८ नंतरचे पहिले विजेतेपदही.

१३/
२००७ च्या अंतिम मालिकेच्या वेळी खांदा दुखावला होता. आपण पूर्ण क्षमतेने खेळू शकणार नाही हे ओळखून तो स्वतःच बाजूला झाला. त्याआधी २००५ मध्ये त्याने केलेला करारही असाच आगळा : वर्षाला ४० लाख डॉलर, आणि पुढचे वर्ष ठेवायचे की नाही याचा अधिकार दरवेळी संघाकडे. असा करार विश्वासाशिवाय होत नाही.

१४/
२०० वा विजय १३ सप्टेंबर २०११ रोजी, आठव्या प्रयत्नात, वयाच्या ४५ व्या वर्षी आला. तोच अखेरचा ठरला. बोस्टनसाठी त्याने १७ हंगामांत ३,००६ इनिंग टाकल्या. त्या संघाच्या इतिहासात इतक्या कोणीच टाकलेल्या नाहीत. विजयांच्या यादीत तो तिसरा आहे. उपस्थितीच्या यादीत दुसरा.

१५/
मैदानाबाहेरही हीच वृत्ती. रुग्णालयातील आजारी मुलांना तो वर्षानुवर्षे फेनवे पार्कवर बोलावत असे. समाजकार्यासाठी दिला जाणारा रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार त्याला २०१० मध्ये मिळाला. तोवर आठ वेळा त्याचे नाव सुचवले गेले होते.

१६/
म्हणूनच शेवटची गोष्ट चाहत्यांना अधिक लागली. त्याच्या आजाराची वार्ता कुटुंबाची परवानगी न घेता एका माजी सहकाऱ्याने जाहीर केली. संघाने खासगीपणा जपण्याची विनंती केली, आणि काही दिवसांतच मृत्यूची बातमी आली. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर आपली पाळी सोडणाऱ्याला स्वतःचे दुःख स्वतःच्या वेळी सांगण्याचा अवसरही मिळाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पत्नीही कर्करोगाने गेली.

१७/
९ एप्रिल २०२४. फेनवे पार्कवरील हंगामाचा पहिला सामना. २००४ चे विजेते वीस वर्षांनी एकत्र आले होते. मानाचा पहिला चेंडू वेकफील्डच्या मुलीने टाकला. झेलायला वेरिटेक उभा होता.