काचेपलीकडचा मासा

हत्तीचें छायाचित्र घेणें सोपें. तीन सेंटिमीटर लांबीच्या माशाचें घेणें कठीण. हत्ती निदान उभा तरी राहतो! मासा नुसता चंचल असतो एवढेंच नव्हे. त्याच्या व आपल्यामध्यें पाणी, काच आणि हवा अशीं तीन राज्यें पसरलेलीं असतात, आणि प्रत्येक सीमेवर तिरपा किरण वांकतो.

आमच्या दिवाणखान्यांतील काचपेटींत नीऑन टेट्रा जातीचे मासे आहेत. हे मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यांतले. शास्त्रानें त्यांचें वर्णन प्रथम १९३६ सालीं केलें. त्यांच्या अंगावरची निळी रेघ हा खरोखर रंग नव्हेच. त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा तो खेळ. उजेडाचा कोन बदलला कीं निळाईहि बदलते.

डिजिटल कॅमेरा घेऊन कित्येक संध्याकाळ या पेटीपुढें बसल्यावर मला कांहीं गोष्टी उमगल्या. काच आंतून-बाहेरून निर्मळ हवी. खोलींतले दिवे मालवून पेटीवरचा तेवढा ठेवावा, म्हणजे काचेंत आपलेंच प्रतिबिंब डोकावत नाहीं. भिंगाला रबरी कडें लावून तें काचेला टेकवावें आणि अगदीं सरळ धरावें. तिरपें धरल्यास चित्राच्या कडा विसकटतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारूं नये. प्रकाश वरून पडूं द्यावा. पडद्याचा वेग सेकंदाच्या १/२०० च्या आसपास ठेवावा, आणि उजेड कमी पडल्यास आयएसओ १६०० पर्यंत चढवावा. चित्रांत थोडे कण दिसले तरी चालतें. हललेलें चित्र मात्र मागाहून सुधारत नाहीं. इतक्या जवळून स्पष्टतेची पट्टी कांहीं मिलिमीटरांचीच असते; ती माशाच्या डोळ्यावर पडली पाहिजे. आणि माशाचा पाठलाग करूं नये. पाणवनस्पतीजवळची एक जागा निवडून तेथें नेम धरावा, व थांबावें. शंभरांत दोन चित्रें साधलीं तरी समाधान मानावें.

“एवढा खटाटोप कशासाठीं, वहिनी?” असें माझे धाकटे दीर थट्टेनें विचारीत. त्याचें उत्तर सासूबाईंपाशीं आहे. वार्धक्यामुळें दृष्टिपटलाच्या मध्यभागास विकार जडल्यानें त्यांना समोरचें बारीक असें कांहीं दिसत नाहीं. नातवंडें “आजी, तो बघ!” म्हणून ओरडत, तेव्हां त्या उगाच मान डोलावीत. एके दिवशीं मोठ्या कागदावर छापलेला वीतभर मासा मीं त्यांच्यापुढें ठेवला. कागद उजेडाकडे कलता धरून, कडेच्या नजरेनें त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगबाई, ह्याच्या डोळ्याच्या वरच्या कडेलासुद्धां निळें आहे कीं!” घरांतील आम्हां डोळस मंडळींपैकीं कोणाच्याहि तें लक्षांत आलें नव्हतें.

आतां नवें चित्र छापून आलें कीं तें प्रथम त्यांच्या हातीं जातें, आणि त्यांत काय पाहावयाचें हें नातवंडांना त्याच सांगतात.