चांदवडहून आल्यावर

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. छाटणी होऊन बाग फुटली होती आणि नेमका पाऊस मुक्काम ठोकून बसला होता. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, कोवळ्या फुटीवर असा पाऊस म्हणजे डावणीला आवतणच. नातू संध्याकाळी मोबाइलवर फवारणीचा व्हिडिओ बघत होता. मध्येच वीज आली म्हणून तो मोटार सुरू करायला मळ्यात गेला आणि मोबाइल तसाच पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. मी भाकरी थापत होते.

हा मोबाइल आग्रही वाढप्यासारखा आहे. एक संपला की न मागता दुसरा वाढतो. औषधाचा व्हिडिओ संपला आणि एक आवाज सुरू झाला. माझी पाठ होती, तरी हात परातीतच थांबला. आरडाओरडा नाही, हातवारे केल्याचा भास नाही. शाळेत मास्तर फळ्यावर गणित सोडवतात तसा शांत आवाज. क्विंटलमागे खर्च किती, हाती आले किती, मधले गेले कुठे. वळून पाहिले तर शरद जोशी. छातीवर तोच लाल बिल्ला.

तरुण वाचकांना एवढेच सांगते की हे गृहस्थ स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची मोठी नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, आणि शेतकरी का बुडतो ते त्यांनी हिशेबाने दाखवले. १९८० साली कांदा-उसाच्या भावाचे आंदोलन आमच्या निफाड तालुक्यात पेटले. आमच्याच पिंपळगावचे माधवराव मोरे त्यांच्या बरोबरीने पुढे होते. त्या नोव्हेंबरात खेरवाडीला रेल्वे अडवताना गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. तेव्हा मी माहेरी होते, मला ते ऐकूनच ठाऊक. जोशीसाहेब २०१५ च्या डिसेंबरात वारले. माणूस जाऊन इतकी वर्षे झाली आणि तो माझ्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून बोलत होता.

पण खरे नवल पुढेच. चित्र त्यांचे, आवाज त्यांचा, आणि मला डोळ्यांपुढे दिसू लागल्या आमच्या आत्याबाई. गोठ्यात कंदील घेऊन बसलेल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. १९८६ साली ९ आणि १० नोव्हेंबरला चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. दिवाळी नुकतीच झाली होती. गावातून ट्रॅक्टर निघणार होते. जायची ओढ माझ्यापेक्षा आत्याबाईंना जास्त. सभेला कधी गेल्या नव्हत्या, पण लाल बिल्ला कुठून तरी मिळवून त्यांनी पदराच्या आतल्या बाजूला लावून ठेवला होता. बाहेर लावायची लाज वाटे. मामंजी काही बोलले नाहीत, आणि आमच्या घरात गप्प राहणे म्हणजे परवानगीच.

नेमकी म्हैस अडली. दिवस भरले होते, कास उतरली होती, आज विते की उद्या असे झाले. दोघींपैकी एकीने राहणे भाग होते. जनावराचे मला तेवढे कळत नसे. आत्याबाईंनी भाकरी-ठेचा बांधून माझ्या हातात दिला, पदरातला बिल्ला काढून माझ्या लुगड्याला लावला आणि म्हणाल्या, "जा तू. सगळं नीट ऐक. आल्यावर मला सांग. मधलं काही गाळू नको."

शिरवाडे, वडाळीभोई करत आग्रा रस्त्याने आम्ही चांदवडला गेलो. ट्रॉलीत दाटीवाटीने उभ्या होतो. तिथे पोचल्यावर जिकडे पाहावे तिकडे लुगडी. लाखांनी बाया आल्या होत्या असे मागाहून सगळे सांगत. मोजणारी मी नव्हे, पण बाजार, जत्रा, पंगत, कशालाच मी तेवढ्या बाया एका जागी पाहिल्या नव्हत्या. आणि कोणी कोणाच्या मागे उभी नव्हती. बाईच्या कष्टाचा हिशेब कुठेच का धरला जात नाही, यावर बोलणे झाले. जिल्हा परिषद, पंचायतीच्या जागा बायांनी लढवायच्या असे ठरले. जमिनीवर बाईचे नाव का नसावे, हाही विषय निघाला. त्या रात्री मोकळ्यावर अंथरूण टाकले, थंडी बरीच होती, आणि शेजारची एक म्हातारी बाई अंधारात आपल्याशीच म्हणत होती, "खरंच की. खरंच की."

आत्याबाईंना हे सारे सांगायचे होते.

घरी आले तेव्हा म्हैस व्याली होती, रेडी झाली होती. आत्याबाई दोन रात्री गोठ्यात काढून पाय शेकत बसल्या होत्या. त्यांनी चहाही विचारला नाही, आधी म्हणाल्या, "सांग." मी म्हणाले, "लई बाया होत्या, आत्याबाई. लई गर्दी." आणि आडवी झाले ती सकाळीच उठले. दुसऱ्या दिवशी बागेतली फूट काढायची होती, मग उन्हाळ कांद्याचे उळे टाकायचे होते. कामे कुणाला चुकली आहेत? पण आता म्हणते ते खरे सांगते. काम हे निमित्त होते.

आमची विहीर आत्याबाईंच्या पाटल्या मोडून खोदलेली. लग्नात माहेरून आलेल्या त्या पाटल्या दुष्काळात, १९७२ साली विकल्या. पाणी लागले म्हणून पुढे बाग उभी राहिली. चाळीस वर्षे त्या राबल्या, पण सात-बारावर नाव मामंजींचे, विहिरीची नोंदही त्यांचीच. आठ-दहा दिवसांनी गवत कापताना आत्याबाईंनी सहज विचारल्यासारखे विचारले, "जमिनीचं काही बोलले का गं तिथं?"

बांधावर मामंजी बसले होते. मी नवी सून म्हणावी तशीच, लग्नाला पाच वर्षे झालेली. सभेला पाठवली तर घर फोडायचे शिकून आली, असे कोणी म्हणेल याची धास्ती. मी म्हणाले, "तसं काही ध्यानात नाही."

त्यांनी "बरं" म्हटले आणि विळा चालवू लागल्या. पुन्हा कधी विचारले नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची, शंभर बायांच्या नावे झाली की ते गाव लक्ष्मीमुक्त. मामंजींच्या मागे जमीन आमच्या घरधन्यांकडे आली आणि त्यांनी एक एकर माझ्या नावावर केली. भांडण नाही, रुसवा नाही. तलाठ्याकडून उतारा आणून हातात दिला आणि म्हणाले, "आईचं करायला पाहिजे होतं." म्हणजे सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते. कदाचित मामंजींनीही ऐकले असते. आत्याबाई स्वतः त्यांच्याशी बोलल्या असत्या की नाही, कोण जाणे. पण बोलायचे की नाही हे ठरवायला त्यांच्या हातात काहीतरी असायला हवे होते, आणि ते माझ्याजवळ होते.

इतकी वर्षे हे आठवत नव्हते असे नाही. पण उताऱ्याचा कागद पाहून आठवे ते निराळे आणि त्या आवाजाने आठवले ते निराळे. कागद पाहिला की जीव चुटपुटे एवढेच. आवाज ऐकला आणि विळ्याचा खर्र खर्र आवाज, त्यांचे ते "बरं", सगळे कानात आले. व्हिडिओत तर चांदवड नव्हतेच. भाषण दुसऱ्याच कुठल्या सभेचे, कांद्याच्या भावाचे.

नातू परत आला. मोबाइलला पीठ लागलेले, तव्यावरची भाकरी करपलेली. "आजी, काय बघत बसलीस?" म्हणून तो बदलायला गेला. मी म्हटले, राहू दे. त्याला बसवले आणि चांदवडचे सांगितले. ट्रॉली, थंडी, अंधारातली म्हातारी, ठराव, जमिनीची गोष्ट, मधले काही न गाळता. बांधावर मी काय उत्तर दिले तेही सांगितले. पोरगा चांगला आहे, मध्ये बोलला नाही. शेवटी त्याने विचारले, "मग पणजीच्या नावावर काय होतं?"

मी आठवून पाहिले. रेशनकार्डावर नाव होते, तेही मामंजींच्या खाली.

तो थोडा वेळ बसला आणि पुन्हा मळ्यात गेला, मोटार बंद करायची होती. आमच्या घरात त्या विहिरीला पाटल्यांची विहीर म्हणतात. पाटील म्हणून कोणाकडून ती घेतली असेल, असे त्याला आजवर वाटत होते.